माझ्या दुधातलं पाणी

देवासच्या ज्या डेअरीत मी नोकरी करते तिथलं माझं काम थोडक्यात सांगता येतं. लोक दूध घेऊन येतात आणि त्यात पाणी आहे की नाही ते मी सांगते.

सकाळी कॅन उतरतात, टँकर लागतात, प्रत्येकातला नमुना माझ्या लॅबमध्ये येतो. मशीनच्या नळीखाली कप धरला की ते आधी फॅट सांगतं, मग फॅट सोडून दुधात जे घट्ट असतं त्याचं प्रमाण, आणि शेवटी पाणी. पाण्याचा आकडा फार झाला की दूध परत. मग त्या दुधाचा मालक माझ्या खिडकीशी येतो. बागलीकडून दूध आणणारा एक भिया, म्हणजे इकडचा भैया, तर इतक्यांदा आलाय की आमचं बोलणं दोघांनाही पाठ झालंय.

“मैडम, पानी नी मिलाया. भैंस नई ब्याई है, दूध ही पतला दे री है.”

“भिया, पिछले महीने भी नई ही ब्याई थी.”

“अब मैडम, उसका शरीर है.”

म्हशीच्या शरीरावर मी काही बोलत नसे. खडूने कॅनवर फुली मारायची आणि पुढचा नमुना घ्यायचा. अशी काही वर्षं गेली, मग मला दिवस गेले, आणि लोक माझ्या शरीरावर बोलायला लागले.

पहिलं बाळंतपण म्हणून मी धारला माहेरी गेले. आमची माणसं संस्थानच्या काळात धारला कारकुनीसाठी आली होती. संस्थान गेलं, कारकुनी गेली, बोलण्याची पद्धत तेवढी मागे राहिली. माझ्या आईला मी ‘वहिनी’ म्हणते. घरातले सगळे दीर तिला वहिनी म्हणायचे आणि आम्ही मुलांनी तेच उचललं. लग्नानंतर हे सासरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “मग भावाच्या बायकोला काय म्हणता?” तिलाही वहिनीच म्हणतात, असं मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं होतं.

सासर देवासचंच. सासरे जळगावकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. ते आता नाहीत. घरात सासूबाई, माझा नवरा आणि मी. नवरा त्याच कारखान्यांच्या ओळीतल्या दुसऱ्या एका कारखान्यात शिफ्टवर जातो, आणि घरात कायम तटस्थ असतो.

लेक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई दोन बस बदलून धारच्या नर्सिंग होममध्ये पोचल्या. हातात स्टीलचा डबा होता. कॉलनीमागच्या गवळ्याची गाय व्याली होती, त्याच्याकडून चीक मिळवायला त्यांना बरीच ओळख वापरावी लागली होती, आणि त्या चिकाचा वेलची-जायफळ घातलेला खरवस त्यांनी विहीणबाईंसाठी आणला होता. वहिनीने वाटीत काढून सगळ्यांना दिला. सासूबाई माझ्या खाटेजवळ बसल्या. लेकीला मी अंगावर घ्यायचा प्रयत्न करत होते आणि जे काही येत होतं ते थेंबथेंब, पिवळं, चिकट होतं.

“हे पिळून टाक हं,” त्या हळूच म्हणाल्या. “पहिल्या दिवसांतलं देऊ नये. जड असतं. पांढरं दूध उतरेपर्यंत मधाचं बोट लावू.”

मी म्हटलं, “आई, तुमच्या डब्यात काय आहे?”

“खरवस.”

“कशाचा?”

“चिकाचा. कशाचा असतो?”

“हाही चीकच आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. त्या विचार करत होत्या हे दिसत होतं. मग म्हणाल्या, “गाईची गोष्ट वेगळी. ती देवता आहे.”

वहिनी खरवस खात उभी होती. विहीणबाईंसमोर लेकीची बाजू घ्यायची नाही असा आमच्या घराण्याचा दंडक आहे, म्हणून तिने “जायफळ छान उतरलंय” एवढंच म्हटलं. शेवटी नर्स आली. तिने काही न विचारता लेकीचं डोकं धरून तिला माझ्या अंगाशी लावलं आणि मध वगैरे काही चालणार नाही असं हिंदीत सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. नर्स गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आजकाल यांचंच राज्य आहे.”

मला हे सगळं माहीत होतं, हीच यातली गंमत. डेअरीचं शिक्षण घेताना आमच्या पुस्तकात एक तक्ता होता. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, उंटीण, अगदी घोडी आणि हत्तीणसुद्धा, आणि प्रत्येकीच्या दुधात काय किती. सगळ्यात खालची ओळ बाईची होती. त्या ओळीवर परीक्षेत प्रश्न येत नसे, कारण त्या दुधाचं संकलन कोणी करत नाही. तरी मी ती पाठ केली होती. पहिल्या दिवसांतल्या पिवळ्या दुधात प्रथिनं जास्त, चरबी आणि साखर कमी, आणि रोगांशी लढायची शिबंदी सगळी त्यातच. मग दोनेक आठवड्यांत ते हळूहळू बदलतं, साखर आणि चरबी वाढते, प्रथिनं उतरत जातात. हे पाठ असलेली बाई खाटेवर पडली होती, आणि डब्यातल्या देवतेपुढे तिचं काही चालत नव्हतं.

धारचा सव्वा महिना खाण्यात गेला. हळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, जेवणानंतर बाळंतशेपा. वहिनीचं म्हणणं साधं होतं. दुधात जे उतरायला हवं ते आधी आईच्या पोटात गेलं पाहिजे. मी तिला एकदा नीट समजावून सांगितलं, की मी किती तूप खाल्लं त्याने दुधातली चरबी फारशी वाढत नाही. चरबीचा प्रकार बदलतो, काही जीवनसत्त्वं कमीजास्त होतात, पण प्रमाण बहुतेक शरीर स्वतःच राखतं.

वहिनीने शांतपणे ऐकून घेतलं. “बरं,” ती म्हणाली, “प्रकार बदलू दे,” आणि ताटलीत आणखी एक लाडू ठेवला.

प्रकार बदलला की नाही ते कळायला मार्ग नव्हता. माझे ब्लाऊज मात्र सगळे उसवावे लागले.

देवासला परत आले तेव्हा लेक गुटगुटीत नव्हती. ती बारीक होती, लांब हातापायांची, जागी, बापासारखी. वजन डॉक्टरांच्या मते वाढायला हवं तसं वाढत होतं. सासूबाईंच्या मते ते कागदावर वाढत होतं. कॉलनीतल्या बायका बाळ बघायला आल्या की आधी बाळाकडे बघत, मग माझ्याकडे, आणि मग सासूबाईंकडे. सासूबाई आवाज खाली आणून म्हणत, “दूध भरपूर आहे हो. पण पातळ आहे.”

त्यांना ते निळसर दिसायचं. बाळ पिऊ लागलं की सुरुवातीला येतं ते दूध पातळच दिसतं, पीत गेलं तसं दाट होत जातं, हे मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, “आमच्याकडे दूधवाला नेमका उलटं करतो. वरचं दाट देतो आणि खालचं पातळ.” मुद्दा मला मान्य होता, पण तो लागू होत नव्हता.

सहा महिन्यांची रजा संपत आली तसं कामावर जायची तयारी करावी लागली. मी पंप आणला. सकाळी निघायच्या आधी आणि दुपारी लॅबच्या स्टोअरमध्ये, काचेच्या नळ्यांच्या खोक्यांमागे स्टुलावर बसून, मी दूध काढायचे. घरच्या फ्रिजमध्ये दोन डब्या ठेवायचे आणि सासूबाईंनी ते कोमट करून वाटी-चमच्याने लेकीला द्यायचं, असं ठरलं. त्यांनी हो म्हटलं. मीही समाधानाने डेअरीत गेले आणि बागलीच्या भियाचा कॅन पुन्हा परत केला.

आठवड्यात लेकीला कडक शी व्हायला लागली. पोट दगडासारखं लागायचं, तोंड लाल करून ती कुंथायची आणि रडायची. वरणाचं पाणी आणि नाचणीची पेज नुकती सुरू केली होती, म्हणून आधी त्यांच्यावर संशय आला. मग एके दिवशी मला अर्ध्या रजेवर घरी यावं लागलं. स्वयंपाकघरात गेले तर माझ्या दोन्ही डब्या फ्रिजमध्ये जशाच्या तशा होत्या, आणि ओट्यावर म्हशीच्या दुधाची वाटी निवत होती.

सासूबाईंनी लपवाछपवी केली नाही. त्यांनी फ्रिजमधली एक डबी काढून माझ्यासमोर उजेडात धरली.

“ही बघ. सकाळपासून ठेवलीय. वर साय आहे का?”

होती. बोटाच्या पेराएवढीही नाही, पण पांढरट थर होता आणि खाली पाण्यासारखं निळं.

“याला साय म्हणतात? माझी नात उपाशी राहते, ते मला बघवत नाही.”

मी चिडले होते. लेक आत झोपली होती म्हणून हळू आवाजात चिडले. रेडकाला जन्मल्यावर तासाभरात उठून उभं राहायचं असतं आणि वर्षभरात भलं मोठं व्हायचं असतं, म्हणून म्हशीच्या दुधात प्रथिनं चौपट. आपल्या पोरीला वर्षभर नुसतं लोळायचं-रांगायचं आहे, तिचं वाढतंय ते डोकं, त्याला साखर लागते, आणि ती बाईच्या दुधात कुठल्याही गुराच्या दुधापेक्षा जास्त असते. म्हशीचं दूध तिच्या पोटात दह्यासारखं थिजून बसतं. हे सगळं मी एका दमात बोलले.

“साखर?” सासूबाईंनी एवढंच पकडलं. आमच्या घरी साखरेचा आजार आहे.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही वरचं दूध वर्षापर्यंत नको म्हणून सांगितलं. ते तरुण होते, आणि त्यांना स्वतःला मूल नाही हे सासूबाईंनी बाहेर बाकावर बसल्या बसल्या कंपाउंडरकडून काढून घेतलं होतं. घरी आल्यावर संध्याकाळी तिघं जेवायला बसलो तेव्हा कोणीच बोलेना. नवऱ्याला शांतता सहन होत नाही. तो म्हणाला, “तुमच्याकडे मशीन आहे ना? दूध का दूध, पानी का पानी होऊन जाईल.”

तो विनोद करत होता. सासूबाईंनी मात्र हातातला घास खाली ठेवला.

“खरंच,” त्या म्हणाल्या. “रोज जिल्हाभरच्या म्हशींचं परत पाठवतेस. एकदा स्वतःचं लावून बघ.”

“त्या मशीनवर हे नाही मोजता येत, आई.”

“का? हे दूध नाही?”

याला उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि आमटी गार होत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॅबमधली मुलं बाहेर गेल्यावर मी स्टोअरमधून पंप आणि दोन छोट्या बाटल्या घेऊन आले. एकीत सुरुवातीचं दूध होतं, एकीत शेवटचं. मशीन सुरू केलं की ते पहिल्यांदा विचारतं, गाय, म्हैस की मिश्र. चौथा पर्याय नाही. मी थोडा वेळ त्या तीन अक्षरओळींकडे बघत उभी राहिले. सासूबाईंनी गाईला देवता म्हटलं होतं, म्हणून गाय निवडली.

मशीनने घरघर करून सुरुवातीचं दूध ओढून घेतलं आणि चिठ्ठी बाहेर टाकली. फॅट कमी. बाकीचं घट्ट कमी. पाणी मिसळलेलं. शेवटी, कुठल्याही कॅनखाली छापतं तेच: नापास.

मला माहीत होतं की असंच येणार. मशीन गाईच्या हिशेबाने शिकलेलं आहे. प्रथिनं अमुक असली तर साखर तमुक असणार असं ते धरून चालतं, आणि बाईच्या दुधात ते गणितच उलटं. प्रथिनं शंभरात जेमतेम एक भाग, साखर सात. मशीनला यातलं काही कळणं शक्य नव्हतं. तरी चिठ्ठी हातात धरून माझे कान गरम झाले, हे खरं.

मग मी जुनी रीत काढली, जी जनावर विचारत नाही. काचेच्या नळीत आधी सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर दूध, मग जरासं अल्कोहोल, बूच लावून हलवायचं आणि चक्रात फिरवायचं. ॲसिड बाकी सगळं जाळून टाकतं आणि चरबी तेवढी वर तरंगत राहते, ती नळीवरच्या खुणांनी मोजायची. एका नळीला दोन-चार चमचे दूध जातं. लेकीच्या तोंडचे घोट होते ते. मी ते ॲसिडवर ओतलं, ते चॉकलेटी होऊन तापलं, आणि मी फडक्यात गुंडाळून ते हलवत राहिले.

दोन्ही नळ्या चक्रातून काढल्या. पहिलीत पिवळा थर बेताचा होता. दुसरीत जवळजवळ दुप्पट. शाळेत निकाल लागल्यावर होतो तसा आनंद झाला. तेवढ्यात मागून साहेब आले. लॅबचे प्रमुख, मालव्यातलेच, निवृत्तीला आलेले, नळी दिसली की उचलून उजेडात धरणारे. त्यांनी दुसरी नळी धरलीच.

“ये कौन-से रूट का है?”

“पर्सनल है, सर.”

“फैट तो अच्छी है.” मग त्यांना मशीनची चिठ्ठी दिसली. “पर पानी है इसमें.”

“पानी नहीं मिलाया, सर.”

“मैडम, मशीन बोल री है.”

“सर, दूध ही पतला है,” मी म्हटलं. म्हणता म्हणता मला बागलीच्या भियाचा आवाज ऐकू आला. तोच सूर, तोच हात, तळवा वर केलेला.

साहेब म्हणाले, “सब यही बोलते हैं.” मग त्यांची नजर टेबलावरच्या पंपाकडे गेली, बाटल्यांकडे गेली, आणि त्यांनी नळी फार जपून स्टँडमध्ये ठेवली. कोल्ड स्टोअरमध्ये काही बघायचं राहिलंय असं म्हणून ते निघून गेले. त्या दिवशी ते लॅबमध्ये परत आले नाहीत.

संध्याकाळी चिठ्ठी मी सासूबाईंसमोर ठेवली. फाडून टाकावी असं वाटलं होतं, पण मशीनवर विश्वास नाही असं मीच म्हटलं असतं तर उद्यापासून कॅन कुठल्या तोंडाने परत करणार. लेक त्यांच्या मांडीवर चमच्याशी खेळत होती. त्यांनी चष्मा लावला.

“पाणी मिसळलेलं,” त्यांनी वाचलं. मला वाटलं, आता जिंकल्यासारखं काही बोलतील. त्यांनी चिठ्ठी पुन्हा वरपासून वाचायला घेतली.

मग मी नीट सांगितलं, या वेळी न चिडता. की मशीनने गाय धरून मोजलं. की कुठल्याही बाईचं दूध लावलं असतं तरी ते असंच म्हणालं असतं. बाईचं दूध पातळ असायचंच ठरलेलं आहे, त्यात पाणी भरपूर, साखर भरपूर, प्रथिनं थोडी. सुरुवातीला कमी चरबी, शेवटी जास्त. शेवटच्या नळीचा आकडाही सांगितला.

“कुठल्याही बाईचं?”

“हो.”

“चांगलं खाणारीचंसुद्धा? मोठ्या घरातलीचं?”

“राणीचंही लावलं असतं तरी नापास झालं असतं.”

चष्मा काढून त्यांनी लेकीला खांद्यावर घेतलं, आणि तिच्या पाठीवर थापटत, माझ्याकडे न बघता सांगायला लागल्या.

“हा झाला तेव्हा मी गावी होते. पंधरा दिवसांत सासूने माझं दूध अंगठ्याच्या नखावर घेतलं. तशी परीक्षा असते. थेंब नखावर थांबला तर चांगलं, घरंगळला तर पातळ. माझा घरंगळला. तिने सगळ्यांना दाखवला. म्हणाली, हिच्या दुधात पाणी आहे, पोर जगायचं नाही. शेळी आणली. मला म्हणाली, आता अंगावर घेऊ नको. छातीला फडकं आवळून बांधलं. किती दिवस भरून यायचं, ताप यायचा, फडकं ओलं व्हायचं. हा पलीकडच्या खोलीत शेळीचं दूध प्यायचा नाही, रडायचा, आणि त्याचा आवाज आला की मला आणखी भरून यायचं.”

“लोक विचारायचे तर मी सांगायचे, मला दूधच नव्हतं. पाणी होतं म्हणण्यापेक्षा ते बरं.” मग त्यांनी विचारलं, “म्हणजे माझं घरंगळणारच होतं?”

“सगळ्यांचं घरंगळतं, आई. तुमच्या सासूबाईंचंही घरंगळलं असतं.”

“त्या बाईला कोणी सांगावं आता,” त्या म्हणाल्या. “ती तर गेली.” आणि लेकीला माझ्याकडे देऊन कुकर लावायला उठल्या. नवरा तेव्हा शिफ्टला होता. ज्या दुधाबद्दल एवढं बोलणं झालं ते न मिळालेला माणूस त्या वेळी कारखान्यात लेथवर उभा होता, आणि त्याच्या उंचीत किंवा भुकेत काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. तो घरी आल्यावर मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असणार.” मी पहिल्यांदाच त्याच्यावर खरोखर रागावले. मग तो उठून आईजवळ जाऊन बसला. एवढं त्याने केलं.

दुसऱ्या दिवसापासून म्हशीची वाटी बंद झाली. सासूबाई डबी आधी हातात हळूहळू गोल फिरवत, कडेला चिकटलेली चरबी मिसळेपर्यंत. हे मी एकदाच सांगितलं होतं. लेकीची शी सुधारली.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं होतं. पण सासूबाई अर्धवट काही करत नाहीत. कॉलनीत त्यांनी आता उलट बाजूने काम सुरू केलं. कोणाची सून बाळंत झाली की त्या जाऊन बसत. “पातळ आहे? असणारच. आमच्या सुनेचं मशीनवर लावलंय. त्यात पाणी निघालं.” हे त्या इतक्या अभिमानाने सांगत की ऐकणारी गोंधळून जाई. “शेवटचं फॅट बघायचं. मध्येच पोराला काढू नको. रेडकाला तासात उभं राहायचं असतं, तुझ्या पोराला कुठे जायचंय?” साखरेचं प्रकरण मात्र त्यांनी गाळलं होतं.

वहिनीला फोनवर शेवटच्या नळीचा आकडा कळला तेव्हा ती म्हणाली, “डिंकाचा गुण आहे तो.” सासूबाईंच्या मते तो इकडे केलेल्या मेथीच्या भाजीचा होता. मी दोघींनाही हो म्हटलं.

मग बाटल्या यायला लागल्या. आधी समोरच्या घरातून एक, होमिओपॅथीच्या गोळ्यांची धुतलेली. “आंटीजींनी सांगितलं, तुम्ही चेक करून देता.” मग पुढच्या गल्लीतून दोन. एकीवर चिकटपट्टी लावून ‘सकाळ’ लिहिलेलं, एकीवर ‘शाम’. एका नवऱ्याने तर मला डेअरीच्या गेटवर गाठून डबी दिली आणि मान खाली घालून विचारलं, “भाभी, रिपोर्ट कब तक?” मी प्रत्येकीला समजावत असे की याची गरज नाही, बाळाचं वजन आणि लघवी बघा, हाच रिपोर्ट. त्यांचा चेहरा पडे. आकडा मिळाला असता तर कोणीतरी आकडा घेऊन सासूसमोर उभी राहिली असती, हे मलाही कळत होतं. म्हणून काहींची नळी मी लावली. सगळ्यांच्या नळीत चरबी निघाली.

शेवटी साहेबांनी मला बोलावलं. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “मैडम, मुझे कोई ऑब्जेक्शन नी है. पर ऑडिट में कोई पूछेगा कि ये एंट्री किस जानवर की है, तो मैं क्या बोलूँगा?”

मी बाटल्या बंद केल्या. सासूबाईंनी साहेबांना मूल आहे का विचारलं. तीन आहेत, म्हटल्यावर त्यांनी विषय सोडला.

बागलीच्या भियाबद्दल मात्र मला झोंबत राहिलं होतं. ज्या मशीनने मला नापास केलं त्याच मशीनवर मी त्याचे कॅन परत करत होते. म्हशीचं दूध तर मशीनला मोजता येतं, तरी समजा त्याची म्हैस खरोखरच वेगळी असली तर? त्याला मी सांगितलं की एक दिवस गावात येऊन माझ्यासमोर काढलेल्या दुधाचा नमुना घेईन. तो म्हणाला, “आ जाओ मैडम.” साहेबांची परवानगी घेऊन मी संकलनाच्या गाडीतून गेले. म्हैस काळीभोर, तब्येतीने चांगली, डोळ्यांत कोणाबद्दल काही नाही. त्याच्या बायकोने माझ्यासमोर धार काढली. तो नमुना लॅबमध्ये लावला तेव्हा दूध उत्तम निघालं, दाट, पाणी शून्य.

दुसऱ्या दिवशी त्याचा कॅन आला आणि त्यात पाणी होतं.

“भिया, ये क्या है?”

त्याने खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकलं. “थोड़ा-सा तो सब मिलाते हैं, मैडम,” तो म्हणाला, अगदी मनमोकळेपणाने, घरी येऊन गेलेल्या माणसाशी बोलतात तसं. मी फुली मारली.

लेक आता तीन वर्षांची आहे. सडपातळ, चपळ, दिवसभर हिंदीत बोलते आणि आजीशी भांडायचं असलं की मराठीत. दूध ती पीत नाही. गाईचं नाही, म्हशीचं नाही, वेलची घालून नाही, चॉकलेटची पूड घालूनही नाही. पेला समोर आला की ती तोंडावर हात ठेवते. डेअरीत नोकरी करणाऱ्या बाईच्या घरी ही परिस्थिती आहे, आणि वहिनी धारहून फोनवर विचारते, “मग तिला ताकद येते कशातून?”

सासूबाईच उत्तर देतात. “पोळीतून येते. सोडा आता तो विषय.”